पिन, थाप आणि लाल बटण

पत्र्याची एक अरुंद पट्टी, बोटभर लांबीची. तिच्या टोकाला केसासारखी बारीक तार. एवढ्याशा वस्तूला ‘स्टोव्हची पिन’ म्हणत. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ती काही पैशांत मिळायची आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतला सकाळचा पहिला चहा तिच्यावर अवलंबून असायचा. आपल्या मंडळातल्या साठी ओलांडलेल्या वाचकांना एव्हाना रॉकेलचा वास आलाही असेल. इथे अमेरिकेत जन्मलेल्या वाचकांसाठी मात्र ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. तुमच्यापैकी अनेकांच्या आजीच्या हातात ती पिन वर्षानुवर्षे रोज होती, आणि त्या कामाची नोंद फारशी कुठे सापडत नाही.

घरातल्या यंत्रांचा इतिहास म्हटला की शोध कुणी लावला, कारखाना कधी निघाला, एवढेच सांगितले जाते. विकत घेतलेले यंत्र पुढची वीस-तीस वर्षे चालते ठेवणाऱ्यांची बाजू त्यात येत नाही. ती सांगायची तर पिन, फुंकर, थाप, खोबरेल तेल, साबण अशा वस्तूंची गोष्ट सांगावी लागते. ‘जुगाड’ म्हणून आपण या उपायांचे कौतुक करतो खरे, पण त्या शब्दात कसेबसे जमून गेल्याचा सूर आहे. हे उपाय नशिबाने चालत नव्हते. त्यामागे तीन कारणे होती. बिघडलेल्या जागेपर्यंत हात पोहोचत असे. लागणारा सुटा भाग जवळपास आणि स्वस्तात मिळत असे. आणि यंत्र कसे चालते याची वापरणाऱ्याला जाण असे. स्टोव्ह, रेडिओ आणि मिक्सर या तीन यंत्रांकडे पाहिले की ही कारणे एकेक करून दिसतात, आणि ती आपल्या हातून कशी सुटत गेली तेही कळते.

स्टॉकहोमचा स्टोव्ह, मराठी घरातली पिन

पंपाच्या स्टोव्हचा जन्म स्वीडनमधला. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२च्या सुमारास काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला आणि ‘प्रायमस’ या नावाने तो जगभर गेला. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेनच्या सामानात प्रायमस होता आणि १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. आपल्याकडे पुढे देशी कारखान्यांनीही तसेच स्टोव्ह काढले आणि सगळ्यांना मिळून घरोघरी एकच नाव पडले, ‘स्टो’.

रॉकेल त्याआधीच घरात आले होते, कंदिलाच्या रूपाने. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घराघरांत माहीत होता. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी काच पुसायची आणि वातीचे जळके टोक सरळ कातरायचे, हे काम बहुधा घरातल्या मुलांकडे असे. वात तिरकी कातरली की ज्योत एका बाजूने भडकते आणि घटकाभरात काच काळी होते, हे सांगायला कुणी इंजिनियर लागत नव्हता. यंत्राची ज्योत पाहून त्याचे दुखणे ओळखायचे, हा धडा कंदिलाने आधीच दिला होता. स्टोव्हने तो पुढे नेला.

स्टोव्हची रचना अशी. खाली पितळेची टाकी, तिच्यात रॉकेल. टाकीच्या बाजूला हवा भरायचा पंप आणि हवा सोडायची चावी. वर बर्नर. बर्नरखालच्या वाटीत थोडे स्पिरिट जाळून किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा लावून बर्नर आधी चांगला तापवायचा. मग चावी आवळून पंप मारायचा. हवेच्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि निपलच्या भोकातून ती जोरात बाहेर पडते. हे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. बाहेर पडणाऱ्या वाफेत हवा मिसळते आणि भर्रर्र आवाज करत निळी ज्योत पेटते.

सगळी मेख त्या भोकात होती. रॉकेलमधला कचरा आणि उष्णतेने तयार झालेला कार्बन तिथेच अडकायचा. मग आवाज बसायचा, ज्योत लहान व्हायची किंवा एका बाजूला झुकायची. अशा वेळी पिन सरळ उभी धरून भोकात घालायची आणि हलकेच एकदा खालीवर करून काढून घ्यायची. तिरकी गेली तर तार मोडून आतच राहते. जोर केला तर भोक मोठे होते आणि मग ज्योत पिवळी पडून भांडी काळी होऊ लागतात. बारीक ताकद, सरळ हात आणि योग्य क्षण, एवढे जमले की काम झाले.

पिन हा एक उपाय झाला. स्टोव्ह ‘भकभक’ करत उंच पिवळ्या ज्वाळा टाकू लागला की अनुभवी हाताला कळे की बर्नर पुरता तापलेला नाही आणि वाफेऐवजी कच्चे रॉकेलच वर येते आहे. चावी सोडून दाब काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पंप हलका लागत असेल, कितीही मारला तरी हवा भरत नसेल, तर आतले चामड्याचे वायसर सुकले आहे असे समजायचे. पंपाचा दांडा बाहेर काढायचा, चामड्याला खोबरेल तेल पाजायचे, बोटांनी त्याची कड जरा पसरवायची आणि परत बसवायचा. तेलाने मऊ झालेले चामडे पंपाच्या आतल्या भिंतीला पुन्हा घट्ट टेकते आणि हवा निसटत नाही. दांडा आपोआप वर उचलला जात असेल किंवा पंपातून रॉकेल बाहेर येत असेल, तर मात्र पंपाच्या तळाशी असलेली झडप गेलेली असायची. ती काढायला खास पाना लागतो, म्हणून तेवढ्यासाठी स्टोव्ह दुरुस्तीवाल्याकडे जायचा. कोणते दुखणे घरचे आणि कोणते दुकानाचे, ही सीमाही घरात ठाऊक होती.

आता हे सगळे कोण करत होते ते पाहा. ज्योतीचा रंग, आवाजाचा चढउतार, पंपाचा हाताला लागणारा जोर या खुणांवरून दाबाने चालणाऱ्या एका यंत्राचे निदान करणारी व्यक्ती बहुतेक घरांत आई, आजी किंवा काकू होती. तिच्या या कामाला ‘दुरुस्ती’ कुणी म्हटले नाही. ते स्वयंपाकातच धरले गेले. घरातल्या पुरुषाने महिन्यातून एकदा फ्यूजची तार घातली तर त्याची चर्चा व्हायची, आणि रोज सकाळी चालणारी ही दुरुस्ती कुणाच्या लक्षातही यायची नाही.

तिच्यामागे हौस होती असेही नाही. रॉकेल रेशनवर मिळे आणि त्याच्या रांगेत तासन् तास जात. १९७२च्या सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. जीवनावश्यक वस्तूंची टंचाई आणि वाढलेले भाव हा त्यांचा प्रश्न होता. स्टोव्ह नीट जळाला नाही तर मोजून मिळालेले रॉकेल वाया जाते, हे त्यांच्यातल्या प्रत्येकीला माहीत होते. पिन जपून वापरण्यात काटकसर होती आणि काटकसरीमागे गरज होती.

थाप

रेडिओची कथा निराळी. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर त्याच केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. ज्या घरी रेडिओ होता तिथे शेजारीपाजारी जमत. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. बटण फिरवल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे आणि मग दुरून आल्यासारखा आवाज हळूहळू मोठा होई. ऐन वेळी तो आवाज गेला किंवा खरखर सुरू झाली, तर घरातला एखादा जाणता माणूस उठून रेडिओच्या कुशीवर एक थाप मारी. बहुतेक वेळा आवाज परत येई.

या थापेची चेष्टा खूप झाली आहे. अमेरिकेत वाढलेल्यांना ‘हॅपी डेज’ मालिकेतला फॉन्झी आठवेल. तो ज्यूकबॉक्सला एक ठोसा मारतो आणि गाणे सुरू होते. पण थापेमागे साधे शास्त्र आहे. व्हॉल्व्हच्या खालच्या पिना एका बैठकीत खोचलेल्या असतात. रेडिओ लावला की तापतात, बंद केला की थंड होतात. प्रत्येक वेळी धातू किंचित प्रसरण आणि आकुंचन पावतो, आणि असे शेकडो वेळा झाले की पिना बैठकीत सैल होतात. त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थरही चढतो. वीज जाण्याची वाट अर्धवट तुटते. थापेच्या धक्क्याने पिन जरा सरकते, थर खरवडला जातो आणि जोड पुन्हा मिळतो. सुटत आलेल्या डागाच्या बाबतीतही असेच होते. म्हणजे थाप हा उपायही होता आणि निदानही. थापेने आवाज आला तर दोष जोडात आहे हे पक्के. मग सवड मिळाली की मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढायचे आणि रेडिओ बंद करून, थंड झाल्यावर, प्रत्येक व्हॉल्व्ह हलकेच काढून पुन्हा खोचायचा. थाप मारूनही काही झाले नाही, तर रेडिओ दुकानात न्यायचा.

पुढे ट्रान्झिस्टर आले तेव्हा उपाय बदलले, पण त्यांची जात तीच राहिली. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचे. आतल्या कार्बनच्या पट्टीवरची धूळ त्याने निघते. सेल मंद झाले की ते उन्हात ठेवायचे. याला आपण अंधश्रद्धा समजत होतो, पण विश्रांती आणि ऊब मिळाली की जुन्या जस्त-कार्बन सेलमधली रासायनिक क्रिया थोडा वेळ पुन्हा वेग घेते आणि एखादी बातमीपत्राची वेळ निभावून जाते. कॅसेटची टेप बाहेर आली की षटकोनी पेन्सिल चाकात घालून ती गुंडाळायची. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागले, तेव्हा गच्चीवरचा अँटेना हे नवे दुखणे आले. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक पडद्यासमोर, आणि ‘आलं का?’ - ‘आलं, आलं... गेलं!’ हा संवाद. त्या अँटेनाची मूळ रचना १९२६ साली जपानमध्ये यागी आणि उदा यांनी मांडली. तिचे टोक प्रक्षेपण केंद्राकडे असेल तरच ती नीट लहरी पकडते. शास्त्र पुस्तकात होते, आणि दिशा मात्र गच्चीवरच्या पोराला पाठ होती.

रेडिओत वापरणाऱ्याची जाण थोडी कमी झाली हे खरे. व्हॉल्व्हच्या आत काय चालते हे स्टोव्हसारखे डोळ्यांना दिसत नव्हते. पण झाकण चार स्क्रूंनी उघडत होते, व्हॉल्व्ह सुटा मिळत होता आणि गल्लीत रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. तीनपैकी दोन कारणे अजून शाबूत होती.

लाल बटण

मिक्सर येण्याआधी घरात पाटा-वरवंटा होता आणि तोही ‘बिघडायचा’. वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला की वाटण सरकू लागे. मग रस्त्यावरून ‘टाकीऽऽ’ अशी हाक येई. छिन्नी-हातोडी घेतलेली बाई दारात बसून पाट्यावर बारीक खड्डे पाडून देई आणि पाटा पुन्हा कामाला लागे.

विजेचा मिक्सर भारतात आला तो परदेशी स्वयंपाकघरांसाठी बनलेला होता. क्रीम फेटायला, फळांचा रस काढायला तो पुरेसा होता. सुके खोबरे, भिजलेली डाळ, मिरच्या-धणे यांच्यापुढे त्याची मोटर टिकेना. मुंबईतले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच जळाला आणि तो इथे दुरुस्त होईना. तेव्हा त्यांनी पत्नी माधुरी यांच्यासाठी आपल्या स्वयंपाकाला पेलेल अशा ताकदीच्या मोटरचा मिक्सर स्वतःच तयार करायला घेतला. त्यातून १९६३ साली ‘सुमीत’ जन्मला. म्हणजे भारतीय मिक्सरची सुरुवातच एका न झालेल्या दुरुस्तीतून झाली.

हा मिक्सर आपल्या लोकांबरोबर परदेशी आला. अनेक मराठी कुटुंबांच्या पहिल्या बॅगेत कुकर आणि मिक्सर होताच. भारतात वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, अमेरिकेत १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची. तिकडचा मिक्सर इथे तसाच लावला तर तो नुसता कण्हतो. मग एक लोखंडाच्या विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर आणून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला जाई. हर्ट्झच्या फरकाची मात्र कुणाला अडचण आली नाही, कारण मिक्सरमध्ये असते ती ब्रशवाली ‘युनिव्हर्सल’ मोटर, आणि तिला व्होल्टची चिंता असते, हर्ट्झची नाही. टेबलफॅनसारख्या यंत्रांचे तसे नसते. पुढे परदेशासाठी ११० व्होल्टचे भारतीय मिक्सरही निघाले आणि ते ट्रान्सफॉर्मर गराजमध्ये गेले.

मिक्सरच्या हट्टावरचे सर्वांत सोपे औषध त्याच्या पोटाखाली असते. वाटण घट्ट असेल, भांडे गच्च भरले असेल तर मोटर अडते, जास्त वीज खेचते आणि तापते. ती जळू नये म्हणून आतला एक स्विच आपोआप तुटतो आणि मिक्सर एकदम मुका होतो. लोक समजतात, गेला. प्रत्यक्षात प्लग काढून मिक्सर उलटा केला तर तळाशी एक छोटे बटण दिसते, बहुधा लाल. भांड्यातले थोडे काढायचे, पाच-दहा मिनिटे मोटर थंड होऊ द्यायची आणि बटण दाबायचे. ते ठाऊक नसल्यामुळे चांगले मिक्सर कचऱ्यात जातात.

मोटर फिरते पण पाते फिरत नाही, तर मधल्या कपलरचे दात झिजलेले असतात. कपलर बदलता येतो, फक्त बहुतेक मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात आणि नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो सुटण्याऐवजी आवळतो. आत ठिणग्या जास्त दिसू लागल्या आणि वेग पडला, तर कार्बनचे ब्रश संपत आलेले असतात. तेही सुटे मिळतात. आणि पात्यांना धार यावी म्हणून खडेमीठ फिरवण्याच्या जुन्या उपायाने खरी धार येत नाही, पण पात्यांवर चढलेला थर निघतो आणि वाटण बरे होते.

साध्या उपायांची हद्द

इथवर वाचून सगळे गोड वाटत असेल तर पुन्हा स्टोव्हकडे वळले पाहिजे. टाकीला बारीक गळती लागली की त्या जागी कपड्याचा साबण घट्ट चोळून ती बंद करत. साबण रॉकेलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून गळती थांबल्यासारखी दिसे. पण टाकी दाबाखाली असते आणि वर विस्तव असतो. पंप जास्त मारला गेला, सांध्यातून रॉकेल उडाले किंवा पेटत्या स्टोव्हमध्ये तेल घातले, तर भडका उडायला क्षण पुरे. नायलॉनची साडी नेसून जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईला उठून दूर व्हायलाही वेळ मिळत नसे.

आणि असे अपघात खरोखर होत असल्यामुळेच त्यांच्या आडोशाला खून लपवता आले. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी १९७० आणि १९८०च्या दशकांत वर्तमानपत्रांत वारंवार येत असे. भडके नेमके नव्या सुनांच्याच अंगावर का उडतात, सासूच्या का नाही, हा प्रश्न स्त्री संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. त्यानंतर १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८अ हे कलम आले आणि १९८६ साली हुंडाबळीसाठी ३०४ब. सदोष स्टोव्ह ही एक सोयीस्कर सबब होती. स्टोव्ह कसा चालतो हे जाणणाऱ्या बायकांनाच ती सबब खोटी असल्याचे आधी कळले असणार. यंत्राची जाण ही नेहमीच काटकसरीची बाब नसते. कधी ती साक्षही असते.

हद्द ओलांडणारे उपाय फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. भारतात चिनीमातीच्या फ्यूजमध्ये बारीक तार वारंवार वितळते म्हणून जाड तांब्याची तार घालत. अमेरिकेतल्या जुन्या घरांत फिरकीच्या फ्यूजमागे तांब्याचा पेनी घालत. दोन्हीकडे दिवे लागत आणि दोन्हीकडे भिंतीतल्या तारा तापून आगी लागत. इथे तर चुकीच्या क्षमतेचा फ्यूज बसूच नये म्हणून वेगळ्या आट्यांचे ‘टाइप एस’ फ्यूज काढावे लागले. साध्या उपायाची कसोटी इथे लागते. पिनेने वाट मोकळी होते आणि यंत्र जसे चालायला हवे तसे चालते. जाड तारेने आणि पेनीने यंत्राचे तोंड दाबले जाते. कुकरच्या शिट्टीचे भोक साफ करणे हा पहिला प्रकार, आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह कशाने तरी बुजवणे हा दुसरा. पहिला शिकावा, दुसरा कुणी सुचवला तरी करू नये.

हातातून काय गेले, काय परत येते आहे

मुंबईत १९५०च्या दशकात ‘बर्शेन’ नावाने सिलिंडरचा गॅस आला. पुढच्या तीसेक वर्षांत शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांतून पंपाचा स्टोव्ह माळ्यावर गेला. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. आजीच्या फुफ्फुसांना आणि पदराला गॅसने सुख दिले. पण स्टोव्हबरोबर रोज यंत्राशी बोलण्याची सवयही गेली. नंतरची यंत्रे अधिकाधिक बंद होत गेली. स्क्रूंच्या जागी डिंक आला, साध्या स्क्रूच्या जागी पानाच मिळणार नाही असे डोके आले, पाच डॉलरच्या भागासाठी पूर्ण पॅनेल बदला असे उत्तर आले. तीनही कारणे एकाच वेळी सुटली.

ती परत मिळवण्याचा प्रयत्न गेल्या पंधरा वर्षांत जगभर सुरू झाला आहे. मार्टीन पोस्टमा यांनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या आणि जाणत्यांबरोबर बसून दुरुस्त करायच्या, ही त्याची पद्धत. आता अनेक देशांतल्या ग्रंथालयांत आणि सभागृहांत असे मेळावे होतात. भारत सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचा कायदा झाला. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा यांचे कायदे १ जुलै २०२४पासून लागू झाले आणि त्यांत घरगुती उपकरणेही येतात. कॅलिफोर्नियात १०० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या वस्तूचे सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती उत्पादन थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन कंपनीवर आहे. तुमचे डिशवॉशर अडले आणि ‘भाग मिळत नाही’ असे उत्तर आले, तर आधी आपल्या राज्याचा कायदा पाहावा.

सगळीच दारे बंद झालेली नाहीत, हेही खरे. आपल्यापैकी बहुतेकांच्या ओट्यावरच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये दाब धरत नसेल, तर दोष बहुधा झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगमध्ये असतो. ती नीट खाचेत बसलेली नसते, किंवा शेजारच्या तरंगत्या व्हॉल्व्हला वरणाचा थर चिकटलेला असतो. रिंग हाताने निघते, धुता येते, नवी मिळते. १९५९पासून भारतात बनू लागलेल्या प्रेशर कुकरची गॅस्केट सैल पडली की आई ती घटकाभर गार पाण्यात ठेवायची, त्याच घराण्यातली ही गोष्ट आहे.

हात पोहोचू देणे आणि सुटा भाग मिळवून देणे, या तीनपैकी दोन गोष्टी कायदा देऊ शकतो. तिसरी, म्हणजे यंत्राची जाण, कायद्याने मिळत नाही. ती कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवावी लागते. आपल्या मंडळात अजून असे हात आहेत ज्यांना ज्योतीच्या आवाजावरून दोष कळत असे. त्यांच्याकडून स्टोव्ह पेटवायला शिकण्याची आता गरज नाही. पण यंत्र अडले की आधी ऐकायचे, मग पाहायचे, मग सर्वांत लहान उपाय करून पाहायचा आणि कुठे थांबायचे ते ओळखायचे, हा क्रम त्यांच्याकडे आहे. पुढच्या वेळी घरातला मिक्सर मुका झाला तर नवा मागवण्याआधी तो मुलांसमोर उलटा करा. प्लग मात्र आधी काढा.